चिखलातली सायकल

बालदोस्तांनो, गेल्या आठवड्याच्या टपालात पवनी तालुक्यातल्या एका खेड्यातून पत्र आलं. लिहिणारा नववीत आहे. घरापासून शाळा साडेसहा किलोमीटर. त्यातले पहिले दोन किलोमीटर पांदण, पुढे डांबरी. पत्रासोबत त्यानं आपल्या सायकलचं चित्र काढून पाठवलंय आणि ते इतकं चोख आहे की फ्रीव्हीलचे दातेसुद्धा मोजता येतात. अठरा आहेत. मी मोजले!

आता पत्रातली गोष्ट. काकांच्या मोबाइलवर त्यानं सायक्लोक्रॉसची शर्यत पाहिली. बेल्जियममधली. गडी चिखलातून सायकली हाणतायत, पायऱ्या आल्या की सायकल खांद्यावर टाकून पळतायत, वर पोचले की टांग मारून पुन्हा पुढे. त्याला वाटलं, अरेच्चा, हा तर आपला श्रावणातला शाळेचा रस्ता! म्हणून तो विचारतो, "ही सायकल केवढ्याला मिळते? आमच्या रस्त्यावर चालेल का?" आणि मग जणू सहज आठवलं म्हणून पुढची ओळ : "मागच्या सोमवारी उतारावर ब्रेक लागलाच नाही. लहान बहीण कॅरिअरवर होती. बांधीत पडलो म्हणून लागलं नाही."

पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात त्याच्या बाबांच्या दोन ओळी आहेत. "पोरगा हट्ट धरून बसला आहे. धान विकल्यावर घेऊन द्या म्हणतो. तुमचं मत कळवा."

मत कळवतो. पण आधी त्या शर्यतीबद्दल थोडं सांगू द्या, कारण ती आहेच मजेची.

सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्समधले सायकलपटू हिवाळ्यात अंग गरम राहावं, दम टिकावा म्हणून शेतांतून, रानांतून, कुंपणं ओलांडत सायकली पळवायचे. १९०२ मध्ये दानिएल गुसो यांच्या खटपटीनं तिथली पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पहिली जागतिक स्पर्धा १९५० मध्ये पॅरिसला भरली आणि जिंकली झाँ रोबिक यांनी. हेच रोबिक १९४७ साली 'टूर द फ्रान्स' ही रस्त्यावरची सगळ्यात मोठी शर्यत जिंकून बसले होते. म्हणजे डांबरी रस्त्याचा राजा चिखलातही राजाच! मुलींनो, तुम्हीही ऐका. नेदरलँड्सच्या मारियाना व्हॉस यांनी सायक्लोक्रॉसचं जगज्जेतेपद आठ वेळा मिळवलंय, पहिलं २००६ साली आणि आठवं २०२२ साली.

शर्यतीचा रस्ता लांबलचक नसतो. अडीच-साडेतीन किलोमीटरचा एक फेरा, तोच पुन्हा पुन्हा. पुरुषांची शर्यत साधारण तासाभराची. वाटेत गवत, वाळू, चिखल, पायऱ्या आणि आडव्या लावलेल्या फळ्या. फळ्यांची उंची जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर. फळी आली की चालत्या सायकलवरून उतरायचं, सायकल उचलायची, दोन उड्या मारायच्या आणि न थांबता पुन्हा बसायचं. हे आपल्याकडच्या पोरांना शिकवायला नको. कैची मारत सायकल शिकलेल्या कुठल्याही पोराला चालत्या सायकलवरून उतरता येतं.

बरं, त्या सायकलीत असं असतं काय? लांबून पाहिलं तर ती खाली वळलेल्या हँडलची रेसची सायकल दिसते. जवळ जाऊन चिमट्याकडे पाहा, म्हणजे पुढचं चाक ज्यात बसतं त्या दोन पायांकडे. रेसच्या सायकलीत टायर आणि चिमटा यांच्यात जेमतेम फट असते. इथे ती चांगली मोकळी असते. का? तर टायरला चिकटलेला चिखल फटीतून फिरून बाहेर पडावा म्हणून. मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही. टायर खरबरीत, पण फार रुंद नाही. मोठ्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद टायर चालत नाही. त्यात हवाही कमी भरतात, म्हणजे टायर जरा पसरतो आणि जमीन धरतो. पूर्वी त्यांचे ब्रेक रिमवर लागायचे. २०१० पासून शर्यतींत डिस्क ब्रेकला परवानगी मिळाली. डिस्क चाकाच्या मधोमध, चिखलापासून दूर असते, त्यामुळे रिम चिखलानं माखली तरी ब्रेक लागतो. सगळी सायकल आठ-नऊ किलोची, म्हणूनच ती खांद्यावर घेऊन पळता येतं. आपली काळी, दांडीच्या ब्रेकची सायकल वीस किलोच्या आसपास भरते. ती खांद्यावर घेऊन पळायचा विचारही करू नका, पाठ धरेल.

आणखी एक गंमत. त्या शर्यतीत प्रत्येकाची दुसरी सायकल कडेला तयार असते. पहिली चिखलानं जड झाली की ती सोडायची आणि दुसरी घ्यायची. तेवढ्यात मदतनीस पहिली पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन ठेवतो. आता सांगा, आपल्या पांदणीच्या टोकाला कोण उभा राहणार आहे दुसरी सायकल घेऊन?

म्हणून भाऊ, तुम्हाला सरळ उत्तर देतो : ही सायकल घेऊ नका. ती आपल्याकडे सहजी मिळत नाही आणि मिळाली तर किंमत लाखाच्या घरात जाते. ते सोडा. दप्तर कुठे ठेवणार? बहीण कुठे बसणार? टायर फाटला तर तो तालुक्याच्या दुकानात मिळणार नाही, नागपूरहून मागवावा लागेल आणि तोवर पोरगा पायी. शाळेची सायकल ती, जिचं सामान गावच्या मिस्त्रीकडे खोक्यात पडलेलं असतं. पुढे-मागे शॉकअप लावलेल्या, जाड टायरच्या स्वस्त सायकलींचंही तेच. स्वस्तातले शॉकअप सायकलचं वजन तेवढं वाढवतात, धक्का फारसा खात नाहीत आणि दोन वर्षांत खुळखुळायला लागतात. साधा सरळ चिमटा त्यापेक्षा बरा, असं माझं पक्कं मत आहे.

पण दोस्ता, नाराज होऊ नकोस. त्या सायकलीतली अक्कल फुकट घेता येते.

आपल्या भागात मातीला नावं आहेत : कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी. खरडी-बरडीत सायकल कितीही पाऊस असला तरी निघते, कारण त्यात खडे असतात आणि पाणी निथळून जातं. खरी परीक्षा कन्हारीत. ती काळी, चिकण माती टायरला लागते, टायर फिरून मडगार्डखाली जातो, तिथे माती साचते, दाबली जाते आणि पाच-पन्नास हातांवर चाक जॅम! मग पोरं काय करतात, तर सीटवर उभं राहून आणखी जोरात पायडल मारतात. साखळी ताणली जाते, कॉटर पिन वाकते. चाक जड वाटायला लागलं की उतरायचं. कॅरिअरला बांबूची एक चपटी कामटी बांधून ठेव. तिनं मडगार्डखालचा आणि चिमट्यातला गाळ काढायचा, दहा पावलं ढकलत न्यायची, मग बसायचं. चिखल फार असेल तर वाटेच्या कडेनं, गवतावरून सायकल ढकल. शर्यतीतले जगज्जेतेसुद्धा अशा जागी उतरून पळतात, तेव्हा यात कमीपणा नाही.

मडगार्ड काढूनच टाकू का? पावसाळ्यापुरता पुढचा काढायला हरकत नाही, पण काढायचा तर सगळा, तारांसकट. एक नट पडलेला, एका बाजूनं लोंबणारा मडगार्ड सगळ्यात वाईट. त्याची तार आऱ्यांत गेली की पुढचं चाक जागीच थांबतं आणि आपण हँडलवरून पुढे जातो.

हवेबद्दल. टायरच्या कडेवर हवेचा दाब लिहिलेला असतो, त्याच्या आतच राहायचं. चिखलात थोडी कमी हवा बरी, हे त्या शर्यतवाल्यांचं खरं आहे. पण त्यांच्या कॅरिअरवर कोणी बसत नाही. डबलसीट बसून कमी हवेनं दगडावर चाक आदळलं तर ट्यूब रिमखाली चेंगरते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. साप चावल्यासारखी. अशी दोन भोकं दिसली तर काट्याला दोष देऊ नका, हवा कमी होती. एकच बारीक भोक असेल तर बहुधा धुऱ्यावरच्या बाभळीचा काटा. तेव्हा ट्यूब जोडण्याआधी टायरच्या आतून जाड फडकं फिरवून काटा शोधून काढा. तो आत राहिला तर नवं ठिगळ घरी पोचेपर्यंतही टिकत नाही.

आता ब्रेक. पत्रात एका ओळीत उरकलेली ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून हिच्यावर थोडं थांबू.

तुझ्या चित्रात दांडीचे ब्रेक आहेत. त्यांचे रबरी गुटके रिमच्या आतल्या अंगाला, आऱ्यांच्या बाजूनं घासतात. रिम लोखंडाची, वर चकचकीत मुलामा. कोरडी असताना ठीक, ओली झाली की तिच्यावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि गुटका त्यावरून नुसता घसरतो. ब्रेक दाबलेला असतो, सायकल चाललेली असते! ताशी १५ किलोमीटरनं जाणारी सायकल एका सेकंदात चार मीटरहून जास्त पुढे जाते. ब्रेक पकडायला तीन सेकंद लागले तर बारा-तेरा मीटर, म्हणजे एका बैलबंडीच्या पल्याड. मागे बहीण असेल तर आणखी जास्त, कारण थांबवायचं वजन वाढलं.

याला उपाय आहे. पावसात किंवा पाण्यातून गेल्यावर, उतार सुरू होण्याच्या *आधी* दोन्ही ब्रेक हलके धरून आठ-दहा मीटर जायचं. त्यानं रिम पुसली जाते. मग खरा ब्रेक लागतो. उतारावर वेग चढल्यावर ब्रेक शोधायचा नाही, चढू द्यायचाच नाही. आणि पुढचा ब्रेक एकटा करकचून दाबायचा नाही. थांबवण्याची ताकद पुढच्या चाकात जास्त असते हे खरं, पण चिखलात पुढचं चाक घसरलं की सावरता येत नाही. दोन्ही मिळून, हळूहळू वाढवत.

घरी पाहायचं ते असं. गुटका झिजून त्याच्यावरच्या खाचा दिसेनाशा झाल्यात का? तर बदल. चकाकी आली असेल तर पॉलिश पेपरनं खरबरीत कर. रिमपासून गुटका दोन-तीन मिलिमीटरवर असावा. लांब असेल तर दांडीचा नट ढिला करून जवळ घ्यायचा. रिम साबणाच्या पाण्यानं धू, कारण साखळीला मारलेलं तेल उडून रिमवर बसतं आणि मग कोरड्यातही ब्रेक लागत नाही. शेवटी परीक्षा : सायकलच्या बाजूला उभा राहून पुढचा ब्रेक दाब आणि सायकल पुढे ढकल. मागचं चाक उचलायला लागलं पाहिजे. मग मागचा दाबून ढकल, मागचं चाक न फिरता फरफटलं पाहिजे. दोन्ही जमलं तरच शाळा. दहा सेकंदांचं काम आहे, रोज सकाळी करायचं. भाऊ, धान विकायची वाट न बघता हे गुटके या आठवड्यातच बदलून घ्या. फार खर्च नाही. पुढे कधी नवी चाकं घ्यायची वेळ आली तर अॅल्युमिनियमच्या रिमची घ्या, ओल्यात ब्रेक लागायला त्या लोखंडीपेक्षा कितीतरी चांगल्या.

साखळी तीनदा उतरली असंही तू लिहिलंयस. साखळीच्या दोन पिनांमधलं अंतर बरोबर अर्धा इंच असतं, सायक्लोक्रॉसच्या साखळीतही आणि तुझ्याही. म्हणजे २४ कड्या १२ इंच भरल्या पाहिजेत. लोखंडी पट्टी किंवा सुताराचा टेप घे, शून्य एका पिनेच्या मध्यावर धर आणि चोविसावी पिन कुठे येते बघ. बारावर आली तर साखळी चांगली, नुसती ताणून घ्यायची. बाराच्या पुढे सव्वा सूत, म्हणजे तीन-चार मिलिमीटर गेली तर साखळी झिजली. कितीही ताणली तरी उतरणारच, आणि दातेही खाऊन टाकेल. ताण किती? मधोमध बोटानं वर-खाली केली तर अर्धा इंच हलावी. तेल कड्यांच्या आत, थेंब थेंब, आणि वरचं पुसून टाकायचं. मिस्त्री विचारतो ना, "काहून बाबू, तेल देल्लं नाही का?" की आपण घरी येऊन अर्धी बाटली ओततो. मग त्यावर पांदणीची धूळ बसून घासकागद तयार!

पायडल मारताना दर फेऱ्याला 'टक्' असा आवाज आणि हिसका आला तर क्रँकची कॉटर पिन ढिली झाली असं समज. तशीच चालवलीस तर क्रँकचं भोक मोठं होतं आणि मग पिनेवर भागणारी गोष्ट क्रँकवर जाते. बाकी फ्रीव्हीलची टिकटिक चालू दे, ती आतल्या कुत्र्यांची असते आणि ते कुत्रे चावत नाहीत. पायडल स्वतः काढत असशील तर एक लक्षात ठेव : डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. आपल्या नेहमीच्या बाजूनं जोर लावशील तर ते सुटण्याऐवजी घट्ट होईल.

टायर विकत घेताना आपल्याकडे फार घोटाळा होतो. पोरगं जातं, "सव्वीसचा टायर द्या" म्हणतं, घरी येतं आणि टायर बसत नाही. कारण सव्वीस सगळे सारखे नसतात! २६ × १ ३/८ लिहिलेला टायर ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो आणि जाड, गाठीच्या टायरवर २६ × १.९५ असं लिहिलेलं असतं, तो ५५९ च्या. तुझ्या मोठ्या काळ्या सायकलचा २८ × १ १/२ हा ६३५ चा, तर त्या सायक्लोक्रॉसचा ६२२ चा. तेरा मिलिमीटरचा फरक, पण कितीही जोर लावला तरी एकाचा टायर दुसऱ्यावर बसायचा नाही. म्हणून जुन्या टायरच्या कडेवरचा सगळा आकडा, अपूर्णांकासकट, वहीत उतरवून दुकानात जायचं.

अंगावरच्या सामानाचं थोडक्यात सांगतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही जवळपास पाच हजार किलोमीटरची शर्यत एकट्यानं पुरी केली. एवढ्या लांबच्या पल्ल्याला गादीची चड्डी, हातमोजे, खास बूट हे सगळं लागतं. साडेसहा किलोमीटरला काही लागत नाही. पैसे उरले तर ते हेल्मेटवर घाला. सायकलचंच हवं, मोटारसायकलचं नको. ते जड असतं आणि मागून येणाऱ्या गाडीचा आवाज नीट ऐकू देत नाही. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, सपाट बसलं पाहिजे. पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकाच सैल. मागे सरकवून टोपीसारखं घातलं तर कपाळ उघडंच राहतं. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बाद, कारण आतला फोम दबला की पुन्हा फुगत नाही.

पावसात छत्री धरून एका हातानं सायकल चालवणं बंद. घोळदार रेनकोटही नको, त्याचं टोक आऱ्यांत जातं. अंगाबरोबरचा कोट आणि पँट बरी. पायजम्याचा उजवा पाय मोज्यात खोचा. ओढणी मागे गाठ मारून बांधा. दप्तर हँडलला लटकवू नका, वळताना हँडल ओढतं. स्लिपर ओली झाली की पायडलवरून सटकते, त्यापेक्षा मागे पट्टा असलेली सँडल. मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर असू द्या. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये झालं, त्याच्या कडेच्या गावांतल्या मुलांनी अगदी पहाटे आणि दिवेलागणीला एकट्यानं निघू नये. चार-पाच सायकली मिळून, घंटी वाजवत जावं. शिकवणीची वेळ बदलता येत असेल तर पालकांनी मास्तरांशी बोलावं.

राहिली बहीण. ती बांधीत पडली आणि चिखलानं माखून घरी आली, एवढ्यावर निभावलं. कॅरिअरवर बसणाऱ्या लहान मुलांना याहून वाईट इजा होते ती पाय आऱ्यांत जाऊन. घोट्याचं कातडंच सोलून निघतं. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घ्या आणि कॅरिअरखाली पाय ठेवायला दांडी. तोवर तिनं पाय लांब धरावे असं नुसतं सांगून उपयोग नाही, लहान मुलांना झोप येते.

तिची इयत्ता पत्रात नाही. आठवीत किंवा पुढे असेल तर भाऊ, शाळेत मानव विकास कार्यक्रमाच्या सायकलबद्दल विचारा. राज्यातल्या १२५ तालुक्यांत या कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळते. अंतराची आणि कागदपत्रांची अट असते, ती मुख्याध्यापकांकडून समजून घ्या. मिळाली तर पहिल्या दिवशी सगळे नट एकदा आवळून, ब्रेक तपासून मगच तिच्या हाती द्या. नव्या सायकलचे नट पहिल्या महिन्यात हमखास ढिले होतात. आणि सीट तिच्या मापाची करा : टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेलं की गुडघा सरळ व्हावा. शिकाऊ असेल तर सुरुवातीला त्याहून थोडी खाली, दोन्ही पाय टेकतील इतकी.

दोस्ता, गुटके बदलल्यावर आणि साखळी मोजल्यावर चोविसावी पिन कुठे आली तो आकडा मला कळव. चित्रात डायनॅमो दाखवला आहेस, पण त्याची तार दिव्यापर्यंत पोचलेलीच नाही. ती खरंच तुटली आहे की काढायची राहिली? तुटली असेल तर पुढच्या आठवड्यात तिच्याबद्दलच बोलू.